बागेतील झाडे कोणासाठी?

जून महिना जवळ येऊ लागला की आपल्याकडे वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांना ऊत येतो. मंत्र्यांपासून वॉर्डातील नगरसेवकांपर्यंत सर्वांच्या हातांना एक दिवस माती लागते, छायाचित्रे निघतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत रोपांचे आकडे झळकतात. महाराष्ट्र शासनाने २०१९ च्या पावसाळ्यासाठी तर ३३ कोटी रोपांचे लक्ष्य जाहीर केले होते. त्यांतील किती रोपे जगली यावर विधिमंडळात आणि बाहेरही वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. परंतु त्या वादात एक साधा प्रश्न फारच थोड्यांनी विचारला. लावलेली झाडे होती कोणती, आणि ती कोणाच्या उपयोगी पडणार होती?

महागाई, बेकारी आणि कंत्राटी कामगारांची पिळवणूक हे विषय समोर असताना पक्षाच्या साप्ताहिकाने बागबगीच्यावर लिहावे काय, असे काही साथींना वाटेल. बाग म्हणजे बंगलेवाल्यांची हौस, ही समजूत आपल्या चळवळीत जुनी आहे. तथापि शहरांतील आणि गावांतील बहुतेक बागा बंगल्यांच्या नाहीत. शाळांची आवारे, सरकारी दवाखाने, एस.टी. स्थानके, नगरपालिकांची उद्याने, रस्त्यांचे दुभाजक, सहकारी गृहरचना संस्था आणि कामगार वसाहती ही सारी मिळून होणारी जमीन सार्वजनिक किंवा सामाईक आहे. तिच्यावर खर्च होणारा पैसा लोकांचा आहे. त्या जमिनीवर काय लावावयाचे हे आज ठेकेदार ठरवितो, आणि ठरविताना तो ज्यांचा विचार करतो त्यांत ना पाखरे येतात, ना शेतकरी.

शेतकऱ्याचा येथे काय संबंध, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. प्रस्तुत लेखकाने तीसेक वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविले. ‘बाह्य परिणाम’ हे प्रकरण आले की जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९५२ साली मांडलेले उदाहरण फळ्यावर लिहावयाचे, हा दरवर्षीचा रिवाज होता. एकाची सफरचंदांची बाग आहे आणि शेजाऱ्याने मधमाश्या पाळल्या आहेत. बागेतील फुलांचा मकरंद माश्यांना मिळतो, त्यातून मध होतो. पण त्या मकरंदाची किंमत बागवाल्याच्या हाती पडत नाही. म्हणून केवळ बाजारावर विसंबले, तर समाजाला हवीत तितकी झाडे लागत नाहीत. उलट बाजूने माश्याही फळधारणेला मदत करतात, त्याचेही मोल कोणी चुकते करीत नाही. पुढे १९७३ साली स्टीव्हन च्युंग यांनी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील बागाईतदारांची व मधपाळांची प्रत्यक्ष चौकशी करून दाखविले की तेथे पेट्या भाड्याने दिल्या-घेतल्या जातात, करार होतात, आणि बाजार मीड समजतात तितका आंधळा नाही. विद्यार्थ्यांना हा वाद आवडत असे. परीक्षेतही तो हमखास येई. मात्र एक गोष्ट शिकविणाऱ्याच्या ध्यानात निवृत्तीनंतर आली. दोघेही विद्वान पेटीतल्या, म्हणजे मालकाच्या माशीविषयी बोलत होते. रानातल्या आग्या माशीचा मालक कोण? लाकडात भोक पाडून राहणाऱ्या काळ्या भुंग्याशी करारनामा कोणी करावयाचा?

आपल्या शेतीचे बरेचसे काम या बिनमालकीच्या कामकऱ्यांवर चालते. सातेरी माशी पेटीत राहते, पण आग्या पेटीत राहत नाही. उंच फांदीला, कड्याला, पाण्याच्या टाकीखाली तिचे उघडे पोळे लटकते. फुलोरी माशी झुडपाच्या काटकीवर तळहाताएवढे पोळे बांधते. यांखेरीज डंख नसलेल्या चिमुकल्या माश्या, एकेकट्या राहणाऱ्या माश्या, भुंगे, पतंग, काही भुंगेरे, सूर्यपक्षी आणि वटवाघळे आहेत. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलातील पराग नुसत्या स्पर्शाने सहज सुटत नाही. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला बिलगून अंग थरथरविते तेव्हा तो चांगला झडतो. पेटीतल्या मधमाशीला ही विद्या येत नाही. सूर्यफूल, तूर, डाळिंब, भोपळावर्गातील सर्व वेल आणि कांद्याचे बी या साऱ्यांचा हिशेब कमीअधिक प्रमाणात किटकांशी बांधलेला आहे. भोपळ्याच्या वेलावर माशी फिरकेनाशी झाली, तर सकाळी नर फूल खुडून ते मादी फुलावर फिरवावे लागते, हे परसबाग करणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. एकरभर मळ्यात तेच काम मजुरीने करून घ्यावयाचे म्हटले, तर भाजीचा भाव काय होईल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने काम करणाऱ्या जैवविविधताविषयक आंतरशासकीय मंचाने २०१६ साली जो अहवाल दिला, त्यानुसार जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक पिके थोड्याफार प्रमाणात तरी प्राण्यांकडून होणाऱ्या परागीकरणावर अवलंबून आहेत.

हे कामकरी पीक फुलावर असते त्या पंधरा-वीस दिवसांपुरते जगत नाहीत. उरलेले वर्ष त्यांना दुसरीकडे खावे लागते आणि पिल्ले वाढवावी लागतात. बांध, गायराने, ओढ्याकाठची झुडपे ही त्यांची जुनी ठिकाणे होती. बांध नांगरले गेले, गायरानांवर अतिक्रमणे झाली, ओढे काँक्रीटच्या भिंतींत गेले. म्हणून शहरातील आणि गावठाणातील झाडाझुडपांचे महत्त्व वाढले आहे.

येथे सामान्यतः एक गैरसमज होतो. फूल म्हटले की माशी आणि फुलपाखरू येणारच, मग ते फूल देशी असो की परदेशी, असे मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. फुलपाखराची खरी कसोटी फुलात नसून पानात असते. प्रौढ फुलपाखरू कोणत्याही सोयीच्या फुलावर मकरंद पिते. परंतु अंडी घालावयास मादी ठराविक झाडच शोधते, कारण अळीला त्याच झाडाची पाने पचतात. आपल्या राज्याने २०१५ साली ब्लू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढतात. लिंबू आणि कढीपत्ता यांच्यावर त्याच्याच जातभाईंच्या, पक्ष्यांच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आपण पुष्कळदा पाहिल्या असतील. रुईच्या पानांवर केशरी रंगाच्या प्लेन टायगरची पिढी वाढते, तर बहाव्याच्या पानांवर पिवळसर पांढऱ्या एमिग्रंट फुलपाखरांची. आंब्यावरील बांडगुळाला आपण निव्वळ शत्रू समजतो. पण त्याची फळे खाऊन फुलटोच्या पक्षी जगतो आणि त्याच्याच पानांवर जेझबेल हे देखणे फुलपाखरू वाढते. (आंब्याच्या मालकाने बांडगूळ काढू नये, असे आमचे म्हणणे नाही. एखादे रानातल्या झाडावर राहू द्यावे, इतकेच.)

याउलट घाणेरीचे पाहा. दक्षिण व मध्य अमेरिकेतील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी कलकत्त्यात शोभेसाठी आणली. तिच्या फुलांवर फुलपाखरे झुंबड करतात, म्हणून आजही तिच्या रंगीत जाती बागेत हौसेने लावल्या जातात. पण ही खानावळ आहे, घर नव्हे. तिच्या पानांवर आपल्या फुलपाखरांचा संसार होत नाही. आणि बागेतून ती जेथे निसटली तेथे तिने काय केले? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असे दाखविले की भारतातील वाघांच्या अधिवासाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक क्षेत्रात घाणेरीचे आक्रमण झाले आहे. जेथे गवत आणि गुरांचा चारा होता तेथे काटेरी जाळी झाली. जंगलालगतच्या आदिवासींना आणि पशुपालकांना त्याची किंमत मोजावी लागली. शोभेची आवड एका वर्गाची आणि तिचे देणे दुसऱ्या वर्गाचे, असा हा व्यवहार आहे.

वड, पिंपळ, उंबर यांचे नाते तर याहूनही घट्ट असते. या प्रत्येक जातीचे परागीकरण करणारी सूक्ष्म गांधीलमाशी वेगळी. ज्याला आपण उंबराचे फळ म्हणतो त्याच्या आतच फुले असतात, आणि ही माशी छिद्रातून आत शिरून तेथेच अंडी घालते. माशीवाचून उंबराला बी नाही आणि उंबरावाचून माशीला वंश नाही. इतर झाडांचा हंगाम संपलेला असतानाही एखादा वड किंवा उंबर फळलेला असतो, आणि तांबट, कोकीळ, हरियाल, वटवाघळे अशा सर्वांची पंगत तेथे बसते. रस्ता रुंदीकरणात असा एक वड पाडून त्याच्या बदली दहा पाम लावले, तर सरकारी नोंदवहीत नऊ झाडांची वाढ दिसते.

आता ‘देशी’ या शब्दाविषयी. हा शब्द उच्चारताना आपण सावध राहिले पाहिजे. आजकाल परकेपणाची भीती दाखवून राजकारण करणाऱ्यांची वाण नाही, आणि त्या भाषेची बाधा झाडांच्या चर्चेलाही होऊ शकते. झाडांचे पारपत्र तपासण्याचा आमचा हेतू नाही. आपल्या भाकरीबरोबरची मिरची अमेरिकेतून आली. बटाटा, टोमॅटो, पेरू, सीताफळ आणि दसऱ्याच्या तोरणातला झेंडूसुद्धा तेथलाच. चिंच मूळची आफ्रिकेतील मानतात. गुलमोहर मादागास्करचा आहे, तरी वैशाखात त्याच्या सावलीत बसलेल्या हातगाडीवाल्याला कोणी उठवावे असे आम्हास वाटत नाही. असलेले मोठे झाड, ते कोठलेही असो, तोडू नये. प्रश्न नव्याने लावावयाच्या झाडांचा आहे, आणि कसोटी जन्मस्थानाची नसून नात्यांची आहे. या मातीतील किती जीव या झाडावर जगू शकतात? हजारो वर्षे एकत्र राहिल्याने जी नाती जुळतात ती स्थानिक झाडांपाशी सर्वांत अधिक असतात, म्हणून त्यांना अग्रक्रम द्यावयाचा. शिवाय ‘देशी’ म्हणजे हिंदुस्थानभर एकच, असेही नव्हे. सुरंगी कोकणात शोभते, ती सोलापुरात लावून तिचे हाल करू नयेत. माळरानावर तर पुष्कळदा झाडेच लावू नयेत. गवत हेच तेथील वैभव, आणि धनगराची मेंढी व चंडोल दोघेही त्यावर जगतात.

मग ठेकेदार परदेशी झाडेच का लावतो? यात कटकारस्थान नाही, साधा हिशेब आहे. ग्लिरिसिडिया फांदी खोचली तरी रुजते, झपाट्याने वाढते, म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर तो सर्वत्र दिसतो. त्याच्या फुलांवर माश्या येतातही. पण त्याच्या दाट रानात पूर्वीचे गवत आणि बोरी-हेकळीची झुडपे टिकत नाहीत. सुबाभळीचा प्रसारही १९७० नंतरच्या दशकात चारा व सरपणाच्या चांगल्या हेतूनेच झाला. आज ती ओसाड जागा आणि ओढे व्यापून बसली आहे. फायकसच्या शोभेच्या जाती, दुरांटा, बोगनवेल यांची छाटकलमे काही आठवड्यांत विक्रीस तयार होतात. याउलट अर्जुन, कुसुम, मोह, हिरडा यांचे बी योग्य वेळी गोळा करावे लागते, रोपाला दोन-दोन वर्षे सांभाळावे लागते. करारात लिहिलेले असते रोपांची संख्या, उंची आणि देखभालीची मुदत. जात कोणती, बी कोठले, हे क्वचितच लिहिलेले असते. दुभाजकांवर आणि नव्या वसाहतींत सर्रास लागलेला कोनोकार्पस हे याच हिशेबाचे फळ. गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली, परंतु तोवर लाखोंचा व्यापार होऊन गेला होता.

प्रस्तुत लेखक ज्या गृहरचना संस्थेत राहतो तिच्या आवाराची हकीकत या संदर्भात सांगण्याजोगी आहे, आणि तिच्यात त्याचा स्वतःचा दोष आहे. आवारात मागील बाजूस एक जुना उंबर होता. कुंपणाला निर्गुडी आणि मेंदी, टाकीजवळ कढीपत्ता व लिंबू, आणि कोणी न लावता उगवलेली रुई. दहाबारा वर्षांपूर्वी आवार ‘सुशोभित’ करण्याचा ठराव आला. लेखक तेव्हा संस्थेचा खजिनदार होता. तीन निविदांपैकी सर्वांत कमी रकमेची निविदा निवडून त्याने सही केली आणि कर्तव्य बजावल्याचे समाधान मानले. निर्गुडीच्या जागी दुरांटा आला, मागच्या अंगणात हिरवळ आली, फाटकाशी पाम उभे राहिले. उंबर कायद्याने वाचला, पण फळे मोटारींवर पडतात म्हणून त्याच्या फांद्या बुंध्यापर्यंत छाटल्या गेल्या आणि बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक बसले. पहिल्याच उन्हाळ्यात हिरवळीसाठी टँकर मागवावा लागला. त्याच सुमारास भिंतीपलीकडच्या वस्तीत नळाला दिवसातून तासभर पाणी येत होते. टँकरच्या बिलांवरही सही लेखकाचीच आहे. दोनतीन वर्षांनी आमचे माळीबुवा म्हणाले, “सर, पूर्वी सकाळी आलो की पाखरांच्या कालव्यात मला बायकोचा फोन ऐकू येत नव्हता. आता सगळं स्वच्छ ऐकू येतं.” ते हसत हसत म्हणाले. टीका करण्याचा त्यांना अधिकार आहे असे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

माळीबुवांचा उल्लेख आला म्हणून औषधफवारणीविषयीही लिहिले पाहिजे. अळीने पान खाल्ले की सभासदाची तक्रार येते आणि तक्रार आली की पंप पाठीला लागतो. पण फुलपाखरे हवीत आणि खाल्लेली पाने नकोत, हे दोन्ही एकदम साधत नाही. अळ्या मेल्या की त्यांच्यावर पिल्ले पोसणारे शिंपी, दयाळ, बुलबुल हेही जातात. आणि हा विषारी पंप उचलतो कोण? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. शहरातील आवारात हातमोजे आणि मुखपट्टी न देता रोजंदारीच्या माणसाकडून फवारणी करून घेणारे आपणही त्याच व्यवस्थेचे भागीदार आहोत. युरोपीय संघाने मधमाश्यांना घातक म्हणून तीन निओनिकोटिनॉइड औषधांच्या उघड्यावरील वापरावर २०१८ साली बंदी घातली. आपल्याकडे त्या गटातील औषधे दुकानात सहज मिळतात.

आता काय लावावे? मोठ्या मोकळ्या जागेत वड, पिंपळ, उंबर यांपैकी एखादे झाड असावे. इमारतीच्या पायाशी मात्र नको. पळस, पांगारा आणि काटेसावर माघ-फाल्गुनात पाने झडल्यावर फुलतात, तेव्हा सूर्यपक्षी आणि मैनांना अन्यत्र फारसे मिळत नसते. त्यांच्यामागून जांभूळ, करंज आणि कडुनिंब माश्यांसाठी फुलतात, मग बहावा आणि आपले राज्यपुष्प ताम्हण. रस्त्याच्या कडेला करंज आणि ताम्हण उत्तम. शाळेच्या आवारात बोर, भोकर आणि आवळा लावला तर पाखरांबरोबर मुलांचीही सोय होते. यांच्या फांद्यांवर मुले चढतील, चढू द्यावीत. कुंपणाला दुरांट्याऐवजी निर्गुडी, अडुळसा, मेंदी, करवंद. अडुळसा हिवाळ्यात फुलतो, त्यावर माश्या आणि भुंगे पाहण्यासारखे असतात. डोंगराळ भागात धायटी आणि मुरुडशेंग. रुई उगवली तर उगवू द्यावी. शनिवारी मारुतीला तिचा हार घालणाऱ्यांनी सोमवारी तिला तण म्हणून उपटावे, यात संगती नाही. फुलांच्या भरगच्च दुहेरी जाती टाळाव्यात, कारण त्यांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि माशीच्या वाट्याला पराग उरत नाही. थोडी जमीन उघडी राहू द्यावी, कारण एकेकट्या राहणाऱ्या बहुसंख्य माश्या जमिनीतच बीळ करतात. ज्यांना आवार नाही त्यांनीही निराश होऊ नये. चाळीच्या कठड्यावर तेलाच्या डब्यातील तुळस मंजिरीवर येऊ दिली, सब्जा आणि कढीपत्ता लावला, तर तेवढ्यावरही माशी आणि फुलपाखरू येते. श्रमिकांच्या वस्त्यांत ही बाग पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिला कोणी सुशोभीकरण म्हटले नाही, इतकेच.

व्यक्तिगत हौसेवर हा प्रश्न सुटणार नाही. १९७५ च्या नागरी झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली शहरांत वृक्ष प्राधिकरणे आहेत; २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी. आपल्या गावात ती आहे काय, तिची शेवटची बैठक केव्हा झाली, हे आपल्या कार्यकर्त्यांनी लेखी विचारावे. नगरपालिकेच्या रोपवाटिकेत यंदा कोणत्या जातींची किती रोपे आहेत, याची यादी मागवावी. निविदेच्या अटींत स्थानिक जातींचे प्रमाण आणि रोपांचे किमान वय घालावयास लावावे. बी गोळा करणे आणि रोपे वाढविणे हे काम ठेकेदाराऐवजी बचत गटांतील स्त्रियांना आणि आदिवासी सहकारी संस्थांना, किमान वेतनाने मिळाले पाहिजे. कुसुम केव्हा पिकतो, हिरड्याचे बी कसे रुजते, हे ज्ञान त्यांच्यापाशी आहे आणि त्याला आजवर किंमत मिळालेली नाही.

आमच्या संस्थेच्या येत्या वार्षिक सभेपुढे एक छोटा ठराव लेखकाने दिला आहे. उंबराच्या बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढावेत, हिरवळ निम्मी करून तेथे निर्गुडी, लिंबू आणि बहावा लावावा, फवारणी बंद करावी आणि काय लावावयाचे ते माळीबुवांना विचारून ठरवावे. चिटणिसांनी तो विषयपत्रिकेवर नवव्या क्रमांकाला ठेवला आहे, मोटारींच्या पार्किंगनंतर. छाटलेल्या उंबराला या वर्षी नवी फांदी फुटली असून तिच्यावर फळांचे घोस धरले आहेत. तिच्या बरोबर खाली ज्यांची मोटार उभी असते त्या सभासदांशी लेखकाचे बोलणे अद्याप चालू आहे.